जुनी होडी आणि रुसलेली मोटर

तापीच्या काठाने मगदल्ल्याकडून डुमसच्या दिशेने जाताना खाडीलगतच्या चिखलात पालथ्या घातलेल्या जुन्या होड्या अधूनमधून दृष्टीस पडतात. एखादी कुणाच्या आजोबांची असते, एखादी भागीदारांच्या भांडणात पडून राहिलेली असते. तिच्या मालकाच्या घरी ओटीच्या कोपऱ्यात गोणपाटात गुंडाळलेली एक मोटरही बहुधा उभी असते. होडीच्या पिछाडीस टांगावयाची, जिला आपण सर्वजण आउटबोर्ड मोटर म्हणतो तीच ही. मग केव्हा तरी घरातील एखाद्या तरुणाच्या मनात येते की, ही होडी पुन्हा पाण्यात घालावी. तो उत्साहाने उठतो आणि सर्वांत आधी मोटरीची दोरी ओढून पाहतो. मोटर चालू होत नाही. मेकॅनिक येतो, सुटे भाग येतात, पैसे जातात; अखेर मोटर कशीबशी धडधडू लागते. तोवर होडीसाठी राखलेली रक्कम संपलेली असते, आणि होडी होती तेथेच चिखलात राहते.

हा क्रम उलटा आहे, हे सांगण्यासाठी आजचे भाषण. मोटर ही होडीची सोय आहे. पाण्यावर माणसाला तारते ती होडी. ज्या काळी शीड आणि वल्हे एवढ्यावरच भिस्त होती, त्या काळी खलाशाचा हात रोज होडीच्या फळ्यांवरून फिरत असे. कोठे ओल लागते, कोठे खिळा सैल झाला, हे त्याला न पाहता कळे. मोटर आल्यावर त्याचे सारे लक्ष दोरीच्या एका हिसक्याकडे गेले आणि फळ्यांकडे पाहावयाचे राहून गेले. मोटरीला मी दोष देत नाही. तिने कोळ्याचे कष्ट वाचविले आहेत. पण तिच्या आवाजात होडीचे कण्हणे ऐकू येईनासे झाले, हेही खरे आहे.

सुरतेच्या रहिवाशाला तर ही गोष्ट कुणी सांगावी लागू नये. आज हे शहर जरीचे, मागांचे आणि हिऱ्यांचे म्हणून ओळखले जात असले, तरी एके काळी येथील सुतारांनी बांधलेल्या जहाजांचे नाव दूरवर होते. १८ व्या शतकाच्या मध्यास इकडे आलेल्या जॉन हेन्री ग्रोज नावाच्या इंग्रज प्रवाशाने आपल्या प्रवासवर्णनात सुरतेच्या जहाजांविषयी मोठ्या आदराने लिहिले आहे. येथील कारागीर दोन फळ्या नुसत्या कडेला कड लावून ठोकीत नसत. एका फळीच्या कडेला खाच घेऊन दुसरीची कड तीत बसवीत, त्यामुळे सांधा पाणी धरीत नसे. तळाला ते वेळोवेळी एक प्रकारचे लाकडाचे तेल चोळीत. अशी जहाजे शंभर वर्षे टिकणे येथे नवलाचे नाही, असा त्याचा अभिप्राय आहे. त्याच्या वाक्यातील 'वेळोवेळी' हा शब्द मला फार महत्त्वाचा वाटतो. शंभर वर्षे टिकणारे जहाज एकदा बांधून होत नाही. ते शंभर वर्षे दुरुस्त करावे लागते.

याच सुरतेहून १७३५-३६ च्या सुमारास लवजी नसरवानजी वाडिया हे मुंबईस गेले आणि त्यांच्या घराण्याने तेथील गोदीत पिढ्यान्‌पिढ्या जहाजे बांधली. त्या घराण्याचे जमशेटजी बमनजी यांच्या देखरेखीखाली मलबारी सागाची 'ट्रिंकोमाली' ही युद्धनौका १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात उतरली. (तिच्या आराखड्यांची पहिली प्रत 'जावा' या जहाजातून मुंबईकडे येत असता १८१२ साली अमेरिकनांशी झालेल्या झुंजीत बुडाली आणि दुसरी मागवावी लागली, अशी तिची जन्मकथाच मोठी गमतीची आहे.) पुढे १८९७ मध्ये ती मोडीत निघण्याच्या बेतात होती. एका गृहस्थाने ती विकत घेतली, तिला 'फूद्रॉयां' हे दुसरे नाव दिले, आणि १९८६ पर्यंत तिच्यावर मुले दर्यावर्दीपणाचे शिक्षण घेत राहिली. त्यानंतर इंग्लंडमधील हार्टलपूल येथे तिची वर्षानुवर्षे दुरुस्ती चालली, ती २००१ साली पुरी झाली. ती आजही पाण्यावर तरंगते आहे आणि तिच्यातील बरेचसे लाकूड त्या मूळच्या सागाचेच आहे. तिला मोटर बसवून कुणी वाचविले नाही. फळी फळी तपासून वाचविले.

आता आपल्या लहान होडीकडे वळू.

वर्षानुवर्षे उन्हात पडलेल्या होडीच्या फळ्या आकसतात आणि मध्ये बोट जाईल एवढ्या फटी पडतात. त्या पाहून नवखा माणूस घाबरतो आणि दुकानातून मिळेल ती लांबी, सिमेंट किंवा आजकालचे कठीण होणारे मसाले आणून फटी ठासून भरतो. याहून मोठे नुकसान दुसरे नाही. होडी पाण्यात गेली की लाकूड फुगते, त्याला जागा हवी असते. जागा दगडासारख्या कठीण मसाल्याने अडविली असेल, तर फुगणारी फळी खिळे उपटते किंवा आतल्या बरगड्या मोडते. मगदल्ल्याच्या बाजूच्या एका वृद्ध मिस्त्रींना मी एकदा अशा होडीपाशी घेऊन गेलो होतो. त्यांनी दुरूनच पाहिले आणि म्हणाले, "मास्तर, आधी तिला आठ दिवस पाणी पाजा. मग मला बोलवा." ओले गोणपाट फळ्यांवर पसरून दिवसातून दोनतीनदा पाणी मारावयाचे, एवढाच तो उपाय. आठ दिवसांनी निम्म्याहून अधिक फटी आपोआप मिटल्या होत्या. ज्या राहिल्या तेवढ्याच खऱ्या.

त्यानंतर लाकडाची परीक्षा. पातळ टोकाची सुरी घ्यावी आणि सांधे, खिळ्यांभोवतालची जागा, बरगड्यांची खालची टोके, आणि जेथे पावसाचे गोडे पाणी साचून राहते असा प्रत्येक कोपरा हळूच टोचून पाहावा. चांगल्या सागात सुरी शिरत नाही. कुजलेल्या जागी ती लोण्यात शिरावी तशी जाते. लक्षात ठेवावयाची गोष्ट अशी की, लाकूड कुजविते ते समुद्राचे पाणी नसून बहुधा पावसाचे असते. समुद्राच्या पाण्याचा शत्रू निराळा. तो म्हणजे लाकूड पोखरणारा समुद्रकिडा. त्याला खारे पाणी लागते. गोड्या पाण्यात तो जगत नाही. सुरतेच्या माणसाला हे दोन्ही शत्रू घराशीच भेटतात. सिंगणपोरच्या बंधाऱ्याच्या वरच्या अंगास तापी गोडी आहे, खालच्या अंगास भरतीचे पाणी खेळते. वर ठेवलेल्या होडीची कूज तपासावी, खाली ठेवलेल्या होडीची भोके.

कुजलेली फळी बदलताना सगळी फळी काढण्याची घाई करू नये. चांगला भाग राखून, दोन्ही टोके लांब तिरकी कापून नवा तुकडा बसवावा आणि तो सांधा बरगडीच्या आधारावर यावा. फळ्यांना साग आणि बरगड्यांना बाभूळ, ही आपल्याकडील जुनी रीत आहे. बाभळीच्या फांद्या जन्मतःच वाकलेल्या असल्याने बरगडीचा बाक कापून काढावा लागत नाही, त्यामुळे लाकडाची नस तुटत नाही. साग तर सुरतेच्या शेजारचाच. १८४० नंतरच्या दशकात इंग्रजांनी डांगची जंगले तेथील राजांकडून पट्ट्याने घेतली, ती इमारती सागावर डोळा ठेवूनच. सागाचा आणखी एक गुण असा की, त्याच्या अंगच्या तेलामुळे लोखंडी खिळा ओक लाकडात गंजतो तितका सागात गंजत नाही. तरीही नवे खिळे घ्यावयाचे तर जस्ताचा मुलामा दिलेलेच घ्यावे.

फटी बुजविण्याच्या कामाला जुने खलाशी 'कालापत्ती' म्हणत. हा शब्द पोर्तुगिजांकडून आपल्या बंदरांत आला. सुताची वात तेलात भिजवून, बोथट छिन्नीने फटीत हलक्या हाताने बसवावी आणि वरून राळ व तेल यांचा लेप द्यावा. हलक्या हाताने म्हणतो, कारण येथेही ठासून भरणे हाच दोष आहे. सूत ओले होऊन फुगणार, फळीही फुगणार. दोघांनी मिळून फट मिटवावयाची असते.

आणि एक मोह टाळावा. जुन्या लाकडी होडीला वरून फायबरचे कातडे चढवून देतो, पुढे पाहावयास नको, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. फायबरची होडी मुळातूनच फायबरची असेल तर ती उत्तम चीज आहे. आज किनाऱ्यावरील कितीतरी कोळी तिच्यावरच पोट भरतात. पण ओल धरलेल्या जुन्या लाकडावर हे कातडे चढविले की ओल आत कोंडते, आणि बाहेरून चकचकीत दिसणारी होडी आतून कुजत जाते. दोन वर्षे सुखाची जातात, तिसऱ्या वर्षी कातडे फळीपासून सुटते.

सगळ्याच होड्या वाचवाव्यात असे मात्र माझे म्हणणे नाही. पठाण, म्हणजे होडीचा तळचा कणा, मोडला असेल किंवा निम्म्याहून अधिक बरगड्या गेल्या असतील, तर तिचा मोह सोडावा. या बाबतीत मला गालील सरोवरातल्या होडीची आठवण होते. १९८६ च्या दुष्काळात त्या सरोवराचे पाणी ओसरले आणि गिनोसरजवळच्या चिखलात सुमारे ८ मीटर लांबीची एक प्राचीन होडी सापडली. ती साधारण येशू ख्रिस्ताच्या काळातील. पेत्र, आंद्रिया, जब्दीचे पुत्र याकोब आणि योहान हे ज्या सरोवरात जाळी टाकीत, तेथलीच ही होडी. अर्थात ती त्यांचीच होती असे म्हणण्यास काही आधार नाही. अभ्यासकांनी पाहिले तो तिच्यात दहाबारा जातींचे लाकूड निघाले. गरीब कोळ्यांनी मिळेल तो तुकडा लावून तिला पुन्हा पुन्हा नीट केले होते. आणि जेव्हा ती खरोखर संपली, तेव्हा तिचे उपयोगी पडतील ते भाग काढून घेऊन सांगाडा पाण्यात सोडून दिला होता. त्या कोळ्यांचा निवाडा मला दोन्ही वेळा बरोबर वाटतो. डागडुजी करण्याचा बरोबर, आणि थांबण्याचाही.

होडी पाणी धरीनाशी झाली की मग मोटर. नॉर्वेत जन्मलेल्या ओले एव्हिन्रूड यांनी अमेरिकेत १९०९ च्या सुमारास अशी मोटर विक्रीस आणली, तेव्हापासून तिची मूळ घडण फारशी बदललेली नाही. वर इंजिन, मध्ये उभा दांडा, खाली दाते आणि पंखा. केरळच्या किनाऱ्यावर १९८० नंतर रॉकेलवर चालणाऱ्या मोटरी झपाट्याने पसरल्या आणि पाहता पाहता वल्ह्यांचे राज्य गेले. आपल्या जुन्या होड्यांची अडचण अशी की, त्यांतील कितीतरी दोन्ही टोकांना निमुळत्या असतात. मोटर टांगावयास सपाट पिछाडी लागते. पिछाडी कापून उभी फळी बसवावयाची, तर ती दोन बाजूंच्या बरगड्यांना आणि पठाणाला गुडघ्यासारख्या वाकड्या लाकडांनी जखडलीच पाहिजे. मोटरीचे वजन आणि तिची ढकल ही दोन्ही त्या एका फळीवर येतात. मोटर फार वर टांगली तर पंखा हवा ओढून नुसताच गरगरतो. फार खाली गेली तर पाणी कापण्यातच बळ जाते.

मोटर चालू होत नाही म्हणजे काय होते? इंधन, ठिणगी आणि पाणी या तिघांपैकी एकाची तक्रार असते. दहापैकी आठ वेळा ती इंधनाची असते, असे जाणते कारागीर सांगतात आणि मला ते पटते. गेल्या हंगामातील पेट्रोल टाकीत तसेच राहिलेले असते. ते उडून जाऊन कार्बोरेटरच्या सुईसारख्या छिद्रात चिकट गाळ उरतो. त्यात आता नवी भर पडली आहे. २०२५ साली देशभर पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट गाठले गेले. इथेनॉल हवेतील ओल शोषून घेते; ओल वाढली की पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन टाकीच्या तळाशी बसते, आणि मोटर नेमकी तळचेच इंधन ओढते. जुन्या मोटरींच्या रबरी नळ्याही त्याने फुगतात व तडकतात. सबब जुने पेट्रोल प्रथम काढून टाकावे, नळ्या बदलाव्यात, आणि पाणी वेगळे करणारी गाळणी मध्ये बसवावी. खर्च थोडा आहे. दोन धावांच्या मोटरीत पेट्रोलमध्ये तेल किती घालावयाचे हे तिच्या पुस्तिकेत पाहूनच ठरवावे, शेजाऱ्याला विचारून नव्हे. रॉकेलची मोटर असेल तर ती पेट्रोलवर सुरू करून मग रॉकेलवर न्यावी आणि बंद करण्यापूर्वी पुन्हा पेट्रोलवर आणावी. हे विसरले की कार्बोरेटरमध्ये रॉकेल राहते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी थंड मोटर कितीही दोरी ओढली तरी दाद देत नाही.

मोटर सुरू होते, पाचदहा मिनिटे छान चालते आणि मग हळूहळू दम तोडते, ही तक्रार तर घरोघरची. पुष्कळ वेळा तिचे मूळ टाकीच्या झाकणावरील हवेच्या लहानशा स्क्रूत असते. तो घट्ट बंद राहिला की टाकीत हवा शिरत नाही आणि इंधन येईनासे होते. एवढ्यासाठी मोटर खोलून ठेवलेली मी पाहिली आहे.

ठिणगीची परीक्षा सोपी. प्लग काढून पाहावा. काळा आणि तेलकट असेल तर पुसून चालेल, पण नवा प्लग जवळ असलेला बरा. आणि जो तांबडा दोर चालविणाऱ्याच्या मनगटास बांधावयाचा असतो, जो सुटला की मोटर बंद पडते, तो जागेवर आहे ना हे आधी पाहावे. तो नसल्यास मोटर सुरू होत नाही. आणि तो मुद्दाम निकामी करून ठेवल्यास माणूस पाण्यात पडल्यावर होडी त्याला सोडून पुढे निघून जाते.

राहता राहिले पाणी. मोटर चालू असता तिच्या मागून पाण्याची एक बारीक धार पडत असते. ती धार तिची नाडी आहे. धार मंदावली की मोटर तत्काळ बंद करावी. आत रबरी पाकळ्यांचे एक चक्र असते, ते थंडावा देणारे पाणी वर ओढते. वर्षभर कोरडे पडले की त्या पाकळ्या वाकड्या होऊन तडकतात. तापीच्या मुखाशी पाण्यात एवढा गाळ असतो की, नव्या पाकळ्याही लवकर झिजतात. खाडीतून आल्यावर प्रत्येक वेळी मोटर पिंपात गोड्या पाण्यात दहा मिनिटे चालवावी. खालच्या दात्यांचे तेल ताकासारखे पांढरे दिसले, तर आत पाणी शिरले असे समजून सील बदलावे. लहान मोटरीत पंख्याची एक मऊ धातूची पिन असते. पंखा खडकावर आपटला की ती मोडते आणि दाते वाचतात. अशा दोनतीन पिना आणि पक्कड होडीतच ठेवावी. घरी ठेवलेल्या पिनेचा समुद्रात उपयोग नाही.

हे सारे इतक्या बारकाईने सांगण्याचे कारण खंभातचे आखात. ते आत अरुंद होत जाते, म्हणून भरतीचे पाणी तेथे चढत जाते. भावनगरास उधाणाच्या दिवशी चढउतार १० मीटरांच्या आसपास जातो. आपल्या बाजूस तो त्याहून कमी असला तरी ओहोटीचा ओढ विलक्षण असतो. तापीच्या मुखाशी ओहोटी लागली असता मोटर बंद पडली, तर होडी उभी राहत नाही. ती समुद्राकडे निघते, किंवा पाणी निघून जाऊन गाळाच्या पट्टीवर आडवी होते आणि भरती आली की त्याच बाजूने भरते. म्हणून मोटर कितीही चांगली असली तरी दोन वल्ही, पुरेशा लांब दोराचा नांगर आणि पाणी उपसावयाचे भांडे यांवाचून होडी काठापासून सोडू नये. मोटर थांबली की आधी नांगर टाकावा, मग झाकण उघडावे. बहुतेक लोक याच्या उलट करतात आणि दुरुस्ती होईतो अर्धा कोस वाहून जातात.

ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने सुरतेचा फार मोठा भाग बुडाला, तेव्हा होडी ही वस्तू रस्त्यावर आली. अशा पुरात मोटरीला खोलीची भीती नसते. भीती असते ती पाण्याखाली न दिसणाऱ्या तारांची, प्लॅस्टिकची आणि कापडाची. कापडाच्या या शहरात पंख्याभोवती चिंधी गुंडाळली जाणे ओघानेच आले. तशा वेळी मोटर तिरकी करून पंखा मोकळा करणे आणि वल्ह्यांवर गल्ली पार करणे, हे ज्याला येते त्याचीच होडी कामाची. आणि वर्षानुवर्षे कोपऱ्यात उभी असलेली मोटर त्या दिवशी पहिल्या हिसक्यास चालू होईल, अशी आशा कुणी धरू नये. पालिकेच्या असोत वा वाडीच्या, सुटकेसाठी राखलेल्या मोटरी महिन्यातून एकदा पिंपात चालवून पाहिल्याच पाहिजेत.

होडी पाण्यात घालण्याचा दिवस शक्यतो भांगाच्या भरतीचा निवडावा. उधाणाच्या ओढात नव्या कामाची परीक्षा नको. आमच्या वसईकडे पाद्री येऊन होडीला आशीर्वाद देतात, इकडे नारळ फोडतात; जे करावयाचे ते करावे, पण मोटर त्या दिवशी टांगू नये. होडी काठाशी दोन दोरांनी बांधावी आणि पहिली रात्र कुणी तरी जवळ राहावे. पाणी येईल. घोटाभर आले तरी घाबरू नये, उपसावे आणि किती वेळात किती आले हे भिंतीवर खडूने लिहून ठेवावे. दुसऱ्या दिवशी ते निम्म्यावर येते. तिसऱ्या दिवशी सकाळी तळाशी नुसती ओल राहिली, तर त्या दुपारी मोटर आणून पिछाडीस टांगावी.